‘बलात्कार’ : एका संज्ञेचा अर्थविचार आणि न्यायेतिहास

१

एकाच अपराधासाठी आजच्या मराठीत निदान चार नावे वावरताना दिसतात. सर्वसाधारण लेखनात ‘बलात्कार’ हा शब्द रूढ आहे. पोलीस ठाण्यात लिहून घेतल्या जाणाऱ्या फिर्यादीत ‘जबरी संभोग’ असा प्रयोग आढळतो. दंडसंहितेच्या हिंदी पाठाने ‘बलात्संग’ हे नवे संस्कृत घडणीचे नाव स्वीकारले. वृत्तपत्रांच्या स्तंभांतून मात्र बहुधा ‘अत्याचार’ किंवा ‘अतिप्रसंग’ असे मोघम शब्द योजले जातात. ही नावे परस्परांचे पर्याय म्हणून वापरली जात असली तरी त्यांचा अर्थ एक नाही. पहिली तीन नावे बळाकडे बोट दाखवितात. शेवटची दोन मर्यादेच्या उल्लंघनाकडे. ज्या गोष्टीवर विद्यमान कायद्याची व्याख्या उभी आहे, ती स्त्रीची संमती, या पाचांपैकी एकाही नावात उच्चारलेली नाही.

नाव आणि व्याख्या यांतील हे अंतर केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय असते, तर त्याची इतकी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. परंतु ‘बळ’ हा नावातील घटक शब्दशः घेऊन, अंगावर जखम नाही म्हणून बळ नाही आणि बळ नाही म्हणून अपराध नाही, असा युक्तिवाद महाराष्ट्रातील न्यायालयांतून केला गेला आहे व तो मान्यही झाला आहे. त्यामुळे या संज्ञेत बळाचा नेमका अर्थ कोणता, तो कोठून आला आणि केव्हा संकोचला, हे तपासणे अगत्याचे ठरते. ‘बलात्कार’ या शब्दाच्या व्युत्पत्तीमुळेच शारीरिक प्रतिकाराची अट निर्माण झाली, असे समजण्याचा प्रघात आहे. शब्दाचा इतिहास मात्र या समजुतीला अनुकूल नाही.

२

या संज्ञेच्या प्राचीन प्रयोगांचा शोध घेताना सातारा जिल्ह्यातील वाई येथील प्राज्ञपाठशाळेच्या धर्मकोशाचा आधार घ्यावा लागतो. स्वामी केवलानंद सरस्वती यांनी नावारूपाला आणलेल्या या संस्थेतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली धर्मकोशाचे व्यवहारकांड १९३७ पासून प्रसिद्ध होऊ लागले. न्यायव्यवहाराविषयीची स्मृतिवचने व त्यांवरील टीका विषयवार एकत्र मांडली गेल्यामुळे, एकच शब्द निरनिराळ्या व्यवहारपदांत कोणकोणत्या अर्थाने येतो हे पाहण्याची सोय झाली. ‘बलात्कार’ हा शब्द त्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

त्याचा एक ठळक प्रयोग स्त्रीविषयक अपराधात नसून ऋणादानात आहे. दिलेले कर्ज वसूल करण्याचे पाच उपाय मनूने सांगितले आहेत : धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि पाचवे बल. या पाचव्या उपायाचे स्पष्टीकरण करताना टीकाकार बृहस्पतीचे वचन देतात. ऋणकोला बांधून स्वतःच्या घरी आणावे आणि ताडनादी उपायांनी त्याच्याकडून पैसा वसूल करावा, याला तेथे ‘बलात्कार’ म्हटले आहे. म्हणजे सावकाराने कुळावर केलेली सक्ती हा या शब्दाचा एक पारिभाषिक अर्थ होता, आणि ती सक्ती त्या काळी वसुलीचा मान्य मार्ग होती.

याच अध्यायात मनूने दुसरा एक नियम सांगितला आहे. बळाने दिलेले, बळाने उपभोगलेले आणि बळाने लिहून घेतलेले, हे सर्व न केल्यासारखेच समजावे. येथे बळाचा विचार जखमेच्या अनुषंगाने केलेला नाही. हात धरून सही घेतली काय आणि धाक घालून घेतली काय, लेख सारखाच निरर्थक. कर्त्याची इच्छा नसणे हेच या नियमाचे मर्म आहे. ‘साहस’ या व्यवहारपदाची नारदाने केलेली व्याख्याही येथे आठवते. बळाच्या दर्पाने केलेले कर्म ते साहस, कारण ‘सहस्’ म्हणजे बळ, असे तो सांगतो. आज ‘साहस’ हा शब्द गौरवाचा झाला आहे आणि ‘बलात्कार’ एका विशिष्ट अपराधापुरता उरला आहे. एकाच अर्थक्षेत्रातील दोन शब्दांपैकी एकाचा उत्कर्ष व्हावा आणि दुसऱ्याचा संकोच व्हावा, हे अर्थपरिवर्तनाचे उत्तम उदाहरण होय.

स्त्रीविषयक अपराधाचे व्यवहारपद म्हणजे ‘स्त्रीसंग्रहण’. बृहस्पतीने त्याचे तीन प्रकार केले आहेत : बळाने झालेले, उपधीने म्हणजे कपटाने झालेले आणि अनुरागातून झालेले. यांपैकी पहिल्या प्रकाराची व्याख्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. इच्छा नसलेल्या स्त्रीशी, ती निद्रित, उन्मत्त किंवा बेसावध असताना अथवा आक्रोश करीत असताना, एकांतात केलेला संग हा बलात्काराने केलेला संग होय, असे बृहस्पती म्हणतो. निद्रित स्त्री प्रतिकार करू शकत नाही आणि तिच्या अंगावर झटापटीची खूण राहण्याचा संभव नाही. तरीही शास्त्रकार त्या कृत्याला बलात्कारच म्हणतो. यावरून या संज्ञेतील ‘बल’ हे स्नायूंचे बळ नसून दुसऱ्याच्या इच्छेला डावलण्याचे सामर्थ्य आहे, हे स्पष्ट होते. स्मृतिकारांपाशी या भेदासाठी स्वतंत्र शब्दही होते. मनू ‘अकामा’ आणि ‘सकामा’ अशी कन्यांची विभागणी करून अकामेला दूषित करणाऱ्यास वधदंड सांगतो. पैशाच विवाहाच्या लक्षणातही सुप्ता, मत्ता आणि प्रमत्ता या तीन अवस्थांचा निर्देश आहे.

३

एवढ्यावरून प्राचीनांनी आधुनिक तत्त्व आधीच सांगून ठेवले होते, असा निष्कर्ष काढणे मात्र अनुचित ठरेल. इच्छेचा विचार शास्त्रात आहे. परंतु तो अपराधाच्या पोटभेदापुरता आहे. अपराधाचे मूळ नाव ‘संग्रहण’ आहे, आणि त्यात अनुरागाने झालेला संबंधही येतो. स्त्रीची इच्छा असली तरी अपराध घडतोच, कारण येथे जिचा भंग झाला ती स्त्रीची इच्छा नसून पतीचा, पित्याचा व वर्णव्यवस्थेचा अधिकार आहे. दंडाचे प्रमाणही वर्णानुसार आणि स्त्री ‘गुप्ता’ म्हणजे रक्षित आहे की नाही यानुसार बदलते. रक्षित ब्राह्मणीशी बळाने संग करणाऱ्या ब्राह्मणाला मनूने सहस्र पणांचा दंड सांगितला आहे. दासीवर बळ करणाऱ्यास याज्ञवल्क्याने दहा पण, आणि रूपाजीवेवर बळ करणाऱ्यास कौटिल्याने बारा पण दंड ठेवला आहे. रूपाजीवेचा नकारही दंडनीय कृत्याचा आधार होऊ शकतो, ही कौटिल्याची मान्यता लक्षणीय आहे. पण त्या नकाराचे मोल बारा पण ठरविले गेले, हेही तितकेच लक्षणीय आहे.

याहून कठोर गोष्ट म्हणजे अपराधानंतर स्त्रीच्या वाट्याला येणारी स्थिती. जिच्या इच्छेविरुद्ध उपभोग झाला, तिलाही घरात रक्षणाखाली, मलिन अंगाने, भूमीवर निजवून, केवळ अन्नपिंडावर ठेवावे, असे बृहस्पतीचेच वचन आहे. व्याख्येत जिची अनिच्छा मान्य केली, तिलाच परिणामात प्रायश्चित्तास पात्र ठरविले. अपराधाची व्याख्या इच्छेवर आणि त्याचे फळ शुद्धीवर, असा हा दुभंग आहे. पुढील काळात लोकभाषेने यातील कोणता भाग उचलला, हे तिच्या शब्दांवरूनच समजते. ‘बाटविणे’, ‘नासविणे’, ‘अब्रू घेणे’, ‘इज्जत जाणे’ हे कृष्णाकाठच्या बोलण्यातही परिचित असलेले सर्व प्रयोग शुद्धी आणि प्रतिष्ठा यांच्या हानीचे आहेत. या वाक्यांत गमावणारी व्यक्ती स्त्री किंवा तिचे घराणे असते. अपराध्याने काय केले यापेक्षा स्त्रीचे काय गेले, याची ती नोंद असते.

४

मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘बलात्कार’ हा या अपराधाचा रूढ पारिभाषिक शब्द नव्हे. तेथील शब्द ‘बदअमल’, ‘बदकर्म’ आणि ‘शिंदळकी’ हे होत. ‘बदअमल’ हा फारसी ‘बद’ आणि अरबी ‘अमल’ यांच्या जोडणीतून बनलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ केवळ वाईट वर्तन असा आहे. तो अनैतिक संबंधालाही लावला जाई आणि बळजोरीलाही. कृत्य परस्परांच्या खुषीने घडले की एकाच्या सक्तीने, हा भेद त्या नावातून निघत नाही. तो प्रसंगावरून समजून घ्यावा लागतो.

या दृष्टीने रांझे गावच्या पाटलासंबंधीचे शिवकालीन पत्र महत्त्वाचे आहे. १६४६ च्या जानेवारीतील या पत्रानुसार पाटील बाबाजी भिकाजी गुजर याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली आणि त्याची पाटीलकी काढून घेण्यात आली. आजची शालेय पुस्तके, व्याख्याने आणि चरित्रे यांतून हा प्रसंग ‘बलात्काराची शिक्षा’ या शब्दांत सांगितला जातो. मूळ पत्रात शब्द आहे तो ‘बदअमल’. शिक्षेच्या कठोरपणावरून गुन्हा गंभीर होता हे उघड असून, परंपरेने लावलेला अर्थ असंभाव्य नाही. तथापि आजची संज्ञा सतराव्या शतकाच्या पत्रात जशीच्या तशी बसविणे शास्त्रीय वाचनाच्या दृष्टीने सदोष आहे. त्या काळच्या राज्यव्यवहाराने या कृत्याकडे मुख्यतः अधिकारपदावरील माणसाच्या दुर्वर्तनाच्या रूपाने पाहिले असावे, ही शक्यता ‘बदअमल’ या शब्दामुळे खुली राहते. ‘बलात्कार’ हा शब्द घातला की ती बंद होते.

पेशवाईच्या दप्तरांतील ‘शिंदळकी’ हा शब्द तर स्त्रीच्या वर्तनाचाच वाचक आहे. या आरोपाखाली स्त्रियांना कैद होई, किंवा कुणबीण म्हणून सरकारजमा केले जाई. सातारजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखे संस्कृतज्ञ न्यायाधीश या काळात न्यायासनावर होते, आणि शास्त्रार्थासाठी स्मृती व निबंधग्रंथ पाहिले जात. पण निवाडा लिहिणाऱ्या कारकुनाची भाषा फारसीमिश्रित मराठी होती. बृहस्पतीची ‘अनिच्छंती’ या भाषेत उतरली नाही. शास्त्रातील इच्छेचा भेद पोथीत राहिला आणि वर्तनाची दूषणे दप्तरात आली.

५

भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. सातारचे राज्य १८४८ मध्येच खालसा झाल्यामुळे त्या जिल्ह्यात ती प्रारंभापासून लागू होती. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. या संहितेच्या कलम ३७५ ची रचना पाहिली तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. व्याख्येत ‘बळ’ हा शब्दच नाही. स्त्रीच्या इच्छेविरुद्ध, तिच्या संमतीशिवाय, मृत्यूच्या वा दुखापतीच्या भयाने मिळविलेल्या संमतीने, पती असल्याच्या समजुतीने तिने दिलेल्या संमतीने, आणि दहा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत संमती असो वा नसो, असे मूळ व्याख्येचे पाच खंड होते. पहिले दोन खंड वेगळे ठेवण्यात ‘इच्छा’ आणि ‘संमती’ या दोन भिन्न मानसिक अवस्था आहेत, हे गृहीत धरलेले आहे. निद्रित स्त्रीने नकार दिलेला नसतो, पण संमतीही दिलेली नसते.

त्याच वेळी मराठीत ‘बलात्कार’ या शब्दाची स्थिती काय होती? मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, वाढविलेली आवृत्ती १८५७) त्याचा मुख्य अर्थ जोर, जुलूम, सक्ती असा व्यापकच दिलेला आहे. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ‘बलात्काराने धर्मांतर’ असे प्रयोग मराठी गद्यात निःसंकोच होत असत आणि त्यांतून वाचकाला लैंगिक अर्थाची सूचना मिळत नसे. म्हणजे या शब्दाचा आजचा एकमेव अर्थ तुलनेने अलीकडचा आहे. व्यापक अर्थासाठी ‘सक्ती’, ‘जबरदस्ती’, ‘बळजबरी’ हे शब्द स्थिर झाले, आणि ‘बलात्कार’ कायद्याच्या एका कलमाला चिकटला. अर्थसंकोचाच्या या क्रियेत कलमाची संमतिप्रधान व्याख्या शब्दाबरोबर रुजली नाही. शब्दाचे बळप्रधान बाह्यरूप तेवढे उरले.

फिर्यादीच्या मराठीत हा विसंवाद मूर्त होतो. पीडित स्त्री सामान्यतः ‘त्यानं जबरी केली’ किंवा ‘अंगावर हात टाकला’ एवढेच सांगते. लिहून घेणारा अंमलदार त्याचे ‘इच्छेविरुद्ध व संमतीशिवाय जबरी संभोग केला’ असे रूपांतर करतो. विनयभंगाच्या कलमासाठी ‘मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन’ हा ठरीव वाक्यखंड येतो. या वाक्यांत कायद्याच्या सर्व अटी पुऱ्या होतात. पण स्त्रीने नेमके काय म्हटले, ती गप्प का राहिली, भय कशाचे होते, हा संमतीच्या चौकशीचा खरा ऐवज साच्यात विरून जातो. पुढे उलटतपासणीत साचाच तिच्यावर उलटविला जातो : ‘जबरी’ झाली तर खुणा कोठे आहेत?

दंडसंहितेच्या या कारकिर्दीत याच भूमीवर काही काळ दुसरी एक न्यायव्यवस्था चालली, तिचा निर्देश करणे आवश्यक आहे. १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे चालविली. त्यांचे कुंडल, वाळवे हे प्रमुख टापू आज सांगली जिल्ह्यात येतात. दरोडेखोर, नाडणारे सावकार आणि स्त्रियांना छळणारे पुरुष यांना या मंडळांनी एकाच रांगेत उभे केले. तळपायावर मारण्याच्या शिक्षेवरून ‘प्रतिसरकार’चे ‘पत्रीसरकार’ झाले, ही लोकव्युत्पत्ती प्रसिद्धच आहे. भाषाभ्यासकाला येथे एक वेगळी गोष्ट दिसते. बृहस्पतीने सावकाराच्या सक्तीला आणि स्त्रीवरील सक्तीला एकच नाव दिले होते, पण पहिली क्षम्य व दुसरी दंड्य मानली होती. या मंडळांनी शास्त्राचा आधार न घेता दोन्ही दंड्य ठरविल्या. दुर्बलाच्या इच्छेला डावलणे हा दोन्हींतील समान दोष गावकऱ्यांना संज्ञेवाचून उमगला होता.

६

संज्ञा आणि व्याख्या यांतील अंतराचा सर्वांत कटू परिणाम ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात दिसून आला. २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याचा हा आरोप होता. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर पीठाने तो निर्णय फिरविताना, भयापोटी निमूट शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असा भेद केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हा भेद नाकारला. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, सबब प्रतिकार नाही, सबब संमती होती, असा निष्कर्ष काढून आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून संमती व शरणागती यांतील फरकाकडे लक्ष वेधले. मुंबईत १९८० मध्ये बलात्काराच्या विरोधात मंच स्थापन झाला आणि हा प्रश्न देशव्यापी बनला.

या निकालाचे खापर ‘बलात्कार’ या शब्दावर फोडता येत नाही. न्यायालयाची भाषा इंग्रजी होती, आणि इंग्रजीतील संज्ञाही लॅटिनमधील हिसकावून नेणे या अर्थाच्या धातूपासून आलेली आहे. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात ती अपहरण आणि संभोग या दोहोंना मिळून लावली जाई. पालकाच्या ताब्यातून स्त्री नेणे हे तिचे मूळ. स्वीडिश भाषेतील संज्ञेतही हिंसावाचक घटक आहे. तथापि त्या देशाने २०१८ मध्ये शब्द न बदलता व्याख्या स्वेच्छेच्या तत्त्वावर आणली. बळवाचक नाव आणि संमतिप्रधान व्याख्या एकत्र नांदू शकतात, हे यावरून सिद्ध होते. दोष व्युत्पत्तीचा नसून, बळ म्हणजे झटापट असे समजणाऱ्या वाचनाचा आहे. बृहस्पतीची सुप्ता त्या वाचनात कधीच बसली नसती.

१९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र व अधिक गंभीर प्रकार झाला. अशा प्रसंगी संभोग सिद्ध असून स्त्री संमती नव्हती असे सांगत असेल, तर संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असा नियम पुरावा कायद्यात आला. वेड वा नशेच्या अवस्थेतील संमती निरर्थक ठरविणारा खंडही याच वेळी व्याख्येत आला. म्हणजे उन्मत्ता आणि मत्ता या दोन प्राचीन अवस्था आधुनिक कलमात दाखल झाल्या. फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवण्यास वाव देणारी पुरावा कायद्यातील तरतूद २००२ च्या दुरुस्तीने गेली.

२०१३ साली तर संज्ञेचाच प्रश्न विधिमंडळापुढे आला. फेब्रुवारीत निघालेल्या अध्यादेशाने कलम ३७५ मधील मूळ संज्ञा काढून ‘लैंगिक हल्ला’ या अर्थाची, स्त्रीपुरुषभेद न करणारी व्यापक संज्ञा घातली होती. पुढे संमत झालेल्या अधिनियमाने जुनी संज्ञा परत आणली. व्याख्येचा विस्तार मात्र कायम ठेवला. जुने नाव सामाजिक निषेधाचे ओझे वाहते, नवे नाव ते वाहणार नाही, हा स्त्रीसंघटनांचा आक्षेप होता. याच अधिनियमाने संमतीची प्रथमच व्याख्या केली. शब्द, हावभाव किंवा अन्य मार्गाने व्यक्त झालेली निःसंदिग्ध स्वेच्छा म्हणजे संमती. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे समजता येणार नाही. १९७८ च्या निकालाला हे विधिमंडळाने दिलेले उत्तर होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये हीच व्याख्या कायम आहे.

येथे बृहस्पतीचे तीन प्रकार पुन्हा समोर ठेवण्यासारखे आहेत. बळाने झालेला संग कलम ६३ खाली येतो. कपटाने, उदाहरणार्थ लग्नाचे खोटे वचन देऊन, ठेवलेल्या संबंधासाठी कलम ६९ हे नवे कलम आले आहे. उपधीला असे स्वतंत्र स्थान मिळाले. अनुरागातून घडलेला परस्त्रीसंबंध दंडसंहितेच्या कलम ४९७ खाली पतीच्या विरुद्ध अपराध होता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. संग्रहण या प्राचीन व्यवहारपदातील अनुराग गळून पडला आणि अनिच्छा व कपट तेवढे अपराध राहिले. शास्त्रातील पोटभेद अशा रीतीने आता मूळ तत्त्व बनला आहे.

दोन ठिकाणी मात्र जुना अधिकार अजून शिल्लक आहे. एक वयाचे. संमती अप्रस्तुत ठरविणारी वयोमर्यादा १८६० मध्ये १० वर्षे होती. ती १८९१ मध्ये १२, १९२५ मध्ये १४, १९४९ मध्ये १६ आणि २०१३ मध्ये १८ झाली. पत्नीसाठी १९२५ मध्ये ती १३ आणि १९४९ मध्ये १५ अशी नेहमीच एक पाऊल मागे राहिली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ती १८ झाली. दुसरे ठिकाण खुद्द पत्नीत्वाचे. अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संभोग कलम ६३ च्या अपवादात अद्याप बसतो. येथे व्याख्या अनिच्छेची आणि अपवाद ‘गुप्ता’चा, अशी स्थिती आहे.

७

संमती हेच तत्त्व मानले तर त्याची खरी कसोटी, जिची संमती समाज गृहीत धरतो अशा स्त्रीच्या बाबतीत लागते. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर’ या खटल्यात, चारित्र्यहीन म्हटल्या गेलेल्या स्त्रीलाही आपल्या खाजगीपणाचा व नकाराचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेच्या परिसरातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. या स्त्रियांनी आपल्या संघटनेच्या नावात ‘वेश्या’ हा शब्द लपविला नाही, आणि त्यापुढे ‘अन्याय’ हा शब्द ठेवला. धंद्यातील संमती आणि धंद्याबाहेरील वा धंद्यातीलही नकार या दोन्ही आपल्याच गोष्टी आहेत, ही भूमिका त्यांच्या मांडणीत आहे. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांत, लैंगिक हल्ल्याची तक्रार करणाऱ्या वेश्याव्यवसायातील स्त्रीला अन्य कोणत्याही पीडितेप्रमाणेच सर्व साहाय्य मिळावे असे सांगितले गेले. कौटिल्याच्या बारा पणांपासून येथवरचे अंतर मोठे आहे. परंतु ‘अब्रू’ आणि ‘इज्जत’ या शब्दांत अपराधाचे वर्णन चालू राहील तोवर, जिला समाज अब्रूच नाही असे मानतो तिच्यावरील बलात्काराला मराठीत नाव उरत नाही, ही भाषिक अडचण कायम राहते.

याच कारणास्तव वृत्तपत्रीय पर्यायांची चिकित्सा करणे प्राप्त आहे. ‘अतिप्रसंग’ हा न्यायशास्त्रातील शब्द. नियम नको तेथे लागू पडणे हा त्याचा अर्थ. मराठीत तो मर्यादेपलीकडे जाण्याचा वाचक झाला. पण जे कृत्य प्रारंभापासूनच अपराध आहे, त्यात ‘अति’ झाल्याखेरीज चालले असते असे कोणते प्रमाण असते? ‘अत्याचार’ हा शब्द एके काळी राजकीय हिंसेसाठी होता. असहकाराचे ‘अनत्याचारी’ हे विशेषण त्याची साक्ष देते. पुढे दलित व आदिवासींवरील जुलमांविरुद्धच्या १९८९ च्या कायद्याने त्याला नवे वजन दिले. त्या व्यापक अर्थी तो आवश्यकच आहे. मात्र विशिष्ट अपराध झाकण्यासाठी तो वापरला की मारहाण, छळ आणि बलात्कार यांतील भेद पुसला जातो. सौजन्यापोटी केलेली ही योजना वाचकाला संकोचापासून वाचविते. जिच्यावर अपराध घडला तिला तिचा काही उपयोग नाही. ‘जबरी संभोग’ हा प्रयोग तर ‘संभोग’ या परस्परसुखाच्या शब्दाला विशेषण जोडून अपराध दाखवितो, आणि ‘जबरी’ सिद्ध न झाल्यास संभोग तेवढा शिल्लक ठेवतो.

‘बलात्कार’ हा शब्द टाकून देण्याचे प्रयोजन यावरून दिसत नाही. त्याने अर्थसंकोच सोसून एका अपराधाचे स्पष्ट, कर्त्याकडे निर्देश करणारे नाव मिळविले आहे. गरज आहे ती त्यातील ‘बल’ या पदाचा अर्थ कोशांत, विधीच्या मराठी पाठ्यपुस्तकांत आणि पोलीस प्रशिक्षणात नीट सांगण्याची : दुसऱ्याची इच्छा जेथे मोजली जात नाही तेथे बळ आहे, मग खूण उमटो वा न उमटो. फिर्याद लिहिताना ठरीव वाक्यखंडांऐवजी स्त्रीचे शब्द जसेच्या तसे नोंदले गेले, तर संमतीची चौकशी प्रथमच तिच्या भाषेत सुरू होईल. वाईच्या धर्मकोशात ‘अनिच्छंती’ हा शब्द छापून अनेक दशके लोटली. मराठी न्यायव्यवहाराने त्याला अजून आपला प्रतिशब्द दिलेला नाही.